डावं बटन

१

दहातल्या नऊ वेळा वायरच खराब असते. आर्णीतलं मैत्रेयीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आठ वर्षं या एका वाक्यावर चाललं होतं म्हणा ना. प्रिंटर ऐकत नाही, वायर. पेन ड्राइव्ह दिसत नाही, वायर. तोंडचं पाणी पळालेली माणसं दुकानात शिरत, ही बाई ड्रॉवरमधून दुसरी वायर काढून लावी, यंत्र गुमान सुरू होई आणि गिऱ्हाईक ओशाळं हसत घरी जाई. तिचे वडील उकंडा मास्तर, रिटायर शिक्षक. घरात कुणी अंगाऱ्या-धुपाऱ्याची गोष्ट काढली की मास्तर चष्मा कपाळावर चढवून एकच शब्द विचारत, "पुरावा?" पोरगीही त्याच वळणाची निघाली होती.

एप्रिलातला शुक्रवार होता. भर दुपारी इंद्रजीत आणि बबिता, हे तांड्यावरचं नवरा-बायकोचं जोडपं दुकानात आलं. मोटरसायकल बबिताने चालवत आणली, तो मागे बसलेला. त्याच्या शर्टाची डावी बाही दुमडून कोपराजवळ सेफ्टी पिनने टाचली होती. चार वर्षांपूर्वी कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये त्याचा डावा हात कोपराखाली गेला, ही गोष्ट आर्णीत बहुतेकांना ठाऊक होती.

त्याने खिशातून रुमाल काढला आणि दातांनी गाठ सोडली. आत अंगठ्याएवढं एक यंत्र होतं. चिमुकला पडदा आणि वरच्या काठावर दोन बटनं.

"हे वॉलेट हाय ताई. माहे कॉइन याच्यात हायेत."

"म्हणजे पैसे याच्या आत?"

"पैसे तिकडे, इंटरनेटवर. इथं फक्त चाबी. आन ही चाबी बोटानंच फिरते. दूर बसून कोणाच्या बापाले फिरवता येत नाही, म्हणून तं घेतलं."

हात गेल्यावर तो घरी बसून लॅपटॉपवर परदेशी लोकांचे फोटो साफ करायचं काम शिकला होता. ते लोक त्याला या कॉइनमध्ये, इंटरनेटवरच्या चलनात, मजुरी देत. चार वर्षं त्याने त्यातला एक कॉइन हलवला नव्हता. नागपूरला एका ठिकाणी बॅटरीवर चालणारा हात बसवून देत होते. बोटं मिटतात, गिलास धरता येतो. मंगळवारी पैसे भरायचे आणि माप द्यायचं, नाहीतर नंबर थेट दिवाळीनंतर.

"पोरीची वेणी घालून देईन म्हणतेत," बबिता म्हणाली आणि लाजली. "दुसरं काही सुचतच नाही यायले. हात आला की पह्यले वेणी."

पोरगी पाच वर्षांची. उन्हाळ्यासाठी मामाकडे, मुकुटबनला गेली होती.

"मंग अडलं कुठं?"

"अपडेट केल्याशिवाय पाठवू देत नाही. आन घरी लावलं की कधी दिसते, कधी नाही. दिसलं तं मागं सरकते." इंद्रजीतने यंत्र समोर धरलं. "उजवं बटन दाबलं की पुढचं पान. डावं दाबलं की मागचं. दोन्ही संगं दाबले की मंजूर. एका हातानं धरून दोन्ही दाबता येत नाही, म्हणून उजवं मी दाबतो, डावं बबिता. आता मी पुढं नेतो, आन पान आपोआप मागं येते. बबितानं हातही लावलेला नसते."

"फसलं असन बटन. घाम, धूळ." मैत्रेयीने ब्रशने कड साफ केली आणि आपली वायर लावली. यंत्र एका झटक्यात दिसलं. पानं शेवटपर्यंत गेली, एकही मागे आलं नाही. तिने हात झटकले. "वायर."

अपडेट इथेच करून टाकू, असं ती म्हणाली, तर इंद्रजीतने मान हलवली. अपडेट कधीकधी यंत्र सारं पुसून टाकतो, मग चोवीस शब्द टाकले तरच परत भरतं. ते शब्द कागदावर लिहून त्याने घरी ठेवले होते. कागद उंबरा ओलांडणार नाही आणि कुणाला दिसणार नाही, हा त्याचा नेम.

"मलेही दाखवला नाही बरं," बबिता म्हणाली. "डोये मिटून बटन दाबायले लावतेत. बायकोवर एवढा भरोसा!"

मैत्रेयी हसली आणि तिने रजिस्टर पुढे केलं. काम झालं की गिऱ्हाइकाची सही, ही तिची रीत. इंद्रजीतने उजव्या हाताने पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी सही केली.

"पह्यले डावखुरे होते हे," बबिता म्हणाली. "अक्षर असं सुंदर होतं ताई! फक्त हात शाईवरून घासत जाये, पानभर निये फराटे. शाळेत गुरुजी रोज मारत म्हणे."

२

शनिवारी सकाळी दहाला त्याचा फोन आला. पुन्हा तेच. दिसत नाही आणि दिसलं तर मागे सरकतं.

मैत्रेयी फोन कानाला लावून बसली. हे काम तिला डोळे मिटून येत होतं. दुसरं कुठलं वॉलेट अॅप उघडं आहे का? बंद करा. मधे जोडणीचा डबा लावलाय? काढा, थेट लॅपटॉपला लावा. दुसऱ्या बाजूचं भोक वापरून पाहा. लॅपटॉप बंद करून चालू करा.

"केलं ताई. आता इचारून राह्यलं. जोडू द्यायचं का म्हणते. दोन्ही बटनं दाबा म्हणते."

"मंग दाबा ना."

"बबिता बचत गटाच्या मीटिंगले गेली. याडी बाहेर पऱ्हाट्या रचून राह्यली." याडी म्हणजे त्याची आई, हंसाबाई. "मी एकटाच हाय."

"मंग थांबा. वहिनी आल्या की करू."

तिकडे कूलरचा आवाज येत होता. मग बारीकसा टक् झाला.

"आलं," इंद्रजीत म्हणाला. "झालं ताई, जोडलं गेलं. आतमधी आलं."

"डावं कोणी दाबलं?"

कूलर चालू होता. मैत्रेयीने फोन कट झाला की काय म्हणून पडदा पाहिला. सेकंद पुढे सरकत होते.

"मीच दाबलं असन," तो सावकाश म्हणाला. "मले वाटलं, मीच दाबलं."

"कशानं?"

"तेच तं पाहून राह्यलो."

गेलेल्या हाताची बोटं खाजवतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. मेंदूला हात गेल्याचं पटत नाही म्हणे. त्यात भिण्यासारखं काही नाही, ते शास्त्र आहे. फक्त मेंदूला वाटलं म्हणून प्लास्टिकचं बटन दाबलं जात नाही, हा एक खडा तिला दिवसभर दातात टोचत राहिला. कोपराच्या खालचा थोटा भाग टेकला असेल बटनावर, दुसरं काय! संध्याकाळी तिनेच त्याला फोन केला. उद्या मी येते, म्हणाली. कुठेही हात लावू नका.

३

तांडा आर्णीपासून चौदा किलोमीटर. रविवारी दुपारी स्कूटी घेऊन ती पोचली तेव्हा कुत्रीसुद्धा सावलीला मेल्यागत पडली होती. अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग, कडुनिंबाखाली बाज आणि दाराशी हंसाबाई कशिद्याचं काम घेऊन बसलेली. वाकलेली, वाळलेली, पण सुई धरलेला हात पक्का.

"कंपूटरवाली काय वो तू?" म्हातारीने विचारलं. "बस. पाणी पे. आत जायची घाई कायले करतं?"

खोली थंड होती. दोन वर्षांपूर्वी बसवलेली पांढरी फरशी, खिडकीत कूलर, एका भिंतीवर हंसाबाईने भरलेला मोठा कशिद्याचा कपडा, त्यात पन्नास-साठ आभले, आरशाचे गोल तुकडे, चमकत होते. समोरच्या कोपऱ्यात लॅपटॉपचं टेबल. टेबलाखाली इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरला टेकून एका बशीत लापशीचा घास. मांजरासाठी असेल, असं मैत्रेयीला वाटलं. घरात मांजर दिसत मात्र नव्हतं.

तिने आपली वायर लावली. परवा दुकानात जी वायर लोण्यासारखी चालली होती, तीच. यंत्र दिसलं. तिने उजवं बटन दाबत पानं पुढे नेली. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर टक् आवाज आला आणि दुसरं पान परत आलं. तिने पुन्हा पुढे नेलं. पुन्हा टक्. तिचं स्वतःचं बोट डाव्या बटनाच्या आसपासही नव्हतं. बटन खाली जाताना तिला दिसलं. नीट खाली गेलं, क्षणभर थांबलं आणि वर आलं.

"हे पाह्यलं?" इंद्रजीत म्हणाला. त्याला बरंच वाटलं असावं. आता येडा तो एकटा नव्हता.

"अर्थिंगचा घोळ हाय." तिने टेस्टर काढला. लॅपटॉपला लावला, टेबलाच्या लोखंडी पायाला लावला, इन्व्हर्टरच्या बॉडीला लावला. दिवा लागला नाही. ती खाली बसून फरशीवर बोटाने ठोकत गेली, ओल असेल तर कळावं म्हणून. सगळीकडे भरीव आवाज आला. टेबलाखालच्या एका फरशीचा पोकळ आला.

मग तिने वायरसकट सगळं उचललं आणि खोलीतच दाराजवळ टाकलेल्या दुसऱ्या बाजेवर नेऊन ठेवलं. लॅपटॉपची बॅटरी तोळामासा होती म्हणून दाराजवळच्या बोर्डातून एक्सटेन्शन घेतलं. तिथे यंत्र शहाण्यासारखं चाललं. दहा वेळा पानं पुढे नेली, दहाही वेळा ती गेली.

तिने सगळं परत टेबलावर नेलं. तिसऱ्या पानावर टक् झालं.

"टेबलातच काही असन," बबिता हळूच म्हणाली.

"हो ना. चुंबक-बिंबक," मैत्रेयी म्हणाली. चुंबकाने बटन दाबलं जात नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण तोंडाने काहीतरी म्हणायला हवं होतं.

४

पाणी प्यायला ती अंगणातल्या माठाशी गेली, तर हंसाबाई मागोमाग आली. आत पोरगा ऐकणार नाही एवढा आवाज उतरवला तिने.

"त्या कोपऱ्यातून टेबल हालवत नाई थो. मी लय सांगतलं."

"काहून मावशी? तिथं काय हाय?"

"त्याची नाळ हाय. आमच्यात पोराची नाळ घरातच पुरतेत. जनमला तवा मीनंच खड्डा केलता तिथं." म्हातारीने सुई पदराला खोचली. "मंग हात गेला. दवाखान्यातून थैलीत बांधून देला मायाजवळ. माणसं म्हणे, नाल्याकाठी पुरा. कोल्हे-कुत्रे उकरतीन, मी कशी पुरू? जित्या पोराचा हात हाय थो. त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी मीनं जत्रेत गोंदून घेतलेले तीन ठिपके. थो कसा फेकू? म्हटलं, जिथं नाळ तिथंच ठेवू. दोघंही त्याचेच."

मैत्रेयीची नजर दारातून आत, त्या टेबलाकडे गेली आणि लगेच तिला स्वतःचा राग आला. "मावशी, चार वर्षं झाले. माती झाली असन त्याची."

"नाळेची माती झाली होती काय?" हंसाबाई म्हणाली. "नाळ पुरली आन पोरगा वाढला. मीनं पुरताना एवढा इचार नाई केला, बाई. चूक झाली माई. मी रोज घास ठेवतो, दुखते असन म्हणून. चार वर्षं गुमान होता. आता हा दुसरा हात आणून राह्यला." तिचे डोळे भरले. "पह्यल्याले काय सांगू मी?"

पुरावा, असं मैत्रेयीने मनातल्या मनात म्हणून पाहिलं, पण आज तो शब्द तिला आधार देत नव्हता. ती आत आली आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "चला, अपडेट करून टाकू. इथंच, बाजेवर."

५

अपडेट सुरू झाला. पडद्यावर सूचना आली, काम चालू असताना वायर काढू नका. खाली निळी रेघ मुंगीच्या पावलाने सरकू लागली. इंद्रजीत बाजेच्या कडेला बसून तिच्याकडे टक लावून पाहत होता. मंगळवार, नागपूर, चार वर्षं, सगळं त्या रेघेत होतं. बबिता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

रेघ अर्ध्यावर आली आणि लाईन गेली.

कूलर बंद पडला. खोलीत एकदम एवढी शांतता झाली की लॅपटॉपचा पंखा ऐकू यायला लागला. बॅटरी सात टक्के. सहा.

"इन्व्हर्टर!" इंद्रजीत ओरडला.

इन्व्हर्टरचं एकच सॉकेट होतं, टेबलाखाली. एक्सटेन्शनची वायर दारापासून तिथवर पुरेना. मधेच बंद पडलं तर यंत्र दगड होऊन बसेल, हे मैत्रेयीला ठाऊक होतं. पाच टक्के. काय करते बिचारी! तिने लॅपटॉप एका हातावर घेतला, दुसऱ्यात ते यंत्र, मधली वायर ताणू न देता पावलापावलाने कोपऱ्याकडे गेली आणि सगळं टेबलावर ठेवलं. बबिताने चार्जर इन्व्हर्टरला लावला. मैत्रेयीच्या मानेवरून घामाचा थेंब आत गेला. रेघ सरकत राहिली. आणि झालं बाप्पा, पूर्ण झालं.

यंत्राचा पडदा विझून पुन्हा लागला. भीती होती तेच झालं होतं, सगळं पुसलं गेलं होतं. चोवीस शब्द द्या, म्हणत होतं.

इंद्रजीतने कपाटातून डबा काढला, डब्यातून प्लास्टिक, प्लास्टिकमधून कागद. कागद टेबलावर ठेवला आणि तो पाहतच राहिला.

मैत्रेयीने शब्द वाचले नाहीत; तेवढी इमानदारी तिच्यात होती. पण अक्षर नजरेतून सुटलं नाही. डावीकडे झुकलेलं, एकसारखं, देखणं अक्षर, आणि प्रत्येक ओळीवरून घासत गेलेला निळा फराटा.

"हे तुमचं अक्षर हाय," बबिता म्हणाली. "पह्यलेचं."

"मी उजव्यानं लिवलं होतं. वाकडंतिकडं. तुह्यासमोर बसून लिवलं, तू डोये मिटून होतीस."

"मंग हे कोणी लिवलं?"

दाराशी हंसाबाई उभी राहिली होती. "टाकू नको बेटा, त्यानं लिवलेलं टाकू नको," म्हणत ती आत येऊ लागली. बबिता धावली आणि तिने सासूला दारातच दोन्ही हातांनी कवळलं. म्हातारी रडत होती, बबिता रडत होती. इंद्रजीतने वळून पाहिलं नाही.

"ताई, तिकडं तोंड करा," तो म्हणाला. "शब्द कोणी पाह्यचे नाहीत."

"भाऊ, आज राहू द्या. आपण दुकानात..."

"तिकडं तोंड करा."

ती भिंतीकडे वळली. समोर कशिद्याचा कपडा, उजव्या हाताला दार. दारात बबिता आणि हंसाबाई तिला धडधडीत दिसत होत्या, चारही हात एकमेकींत अडकलेले.

आणि मागे बटनं वाजू लागली.

टक्, टक्. टक्टक्. एकेक अक्षर शोधायला मागे-पुढे जावं लागतं, मग दोन्ही संगं दाबावी लागतात. दोन माणसांना या कामाला तास लागला असता. इथे बटनं पाऊस पडावा तशी वाजत होती. उजवं, डावं, दोन्ही. उजवं, उजवं, डावं, दोन्ही. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. मागे वळून पाहायचं नाही, असं मैत्रेयीने ठरवलं. वळावं लागलंच नाही, कारण समोर आभले होते.

रुपयाएवढे आभले, प्रत्येकात खोलीचा एक तुकडा. एकात इंद्रजीतचा कान. एकात लॅपटॉपचा कोपरा. एकात त्याचा थोटा हात मांडीवर निवांत पडलेला, टेबलाला लागतही नव्हता. एकात उजवा अंगठा. आणि त्याच्या शेजारच्या आभल्यात यंत्राची डावी कड, टेबलापासून वीतभर वर, स्थिर धरलेली. तिथे काहीतरी फिकट होतं. फिकटावर तीन ठिपके.

आभला मळका आहे, तिने स्वतःला सांगितलं. माश्या बसतात कपड्यावर. तीन ठिपके माश्यांचेही असतात. खात्री करायला तिने मान थोडी डावीकडे केली. घाण असती तर ठिपके त्या आभल्यावरच राहिले असते. ते राहिले नाहीत. ते शेजारच्या आभल्यात गेले.

बटनं थांबली.

"उघडलं," इंद्रजीत मागून म्हणाला. त्याच्या आवाजात एवढं सुख होतं की तिला रडू येता येता राहिलं. "सारं हाय ताई. एक कॉइन कमी नाही."

६

मंगळवारी तिने त्याला दोनदा फोन लावला. बंद होता. गेला असेल नागपूरला, असं तिने मनाशी धरलं आणि कामाला लागली. रविवारची गोष्ट मास्तरांना सांगायची राहून गेली. खरं म्हणजे तिने सांगितली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दुकानासमोर मोटरसायकल थांबली. इंद्रजीत उतरला, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून आत आला. छान दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. चेहऱ्यावर तजेला होता.

"बॅटरी बदलायची हाय ताई. त्या दिवशी लय तारांबळ झाली नाही?"

"नागपूरचं काय झालं?" तिने विचारलं.

"रद्द केलं."

"काहून? पैसे तं सापडले होते."

"पैसे हायेत ना." तो हसला. "एका बाहीत दोन हात मावते काय ताई?"

तेव्हा तिचं लक्ष गेलं. शर्टाची डावी बाही आज पिनेने टाचलेली नव्हती. ती सरळ खाली सोडलेली होती आणि मनगटाचं बटनही लावलेलं होतं.

"वहिनी नाही आल्या?"

"मुकुटबनले हाय, माहेरी." त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "पोरगी आलती दोन दिवस. सकाळी उठली तं वेणी घातलेली होती. अशी सुंदर वेणी ताई, एक केस बाहेर नाही. पोरगी किती खूश! मी म्हटलं बबिताले, यात रडायसारखं काय हाय? मी कबूल केलतं तेच तं झालं. तिनं पोरीले उचललं आन अनवाणी गेली. आता फोन उचलत नाही." तो काउंटरवरच्या धुळीकडे पाहत राहिला. "याडीही त्या खोलीत येत नाही आता. चौघं होतो, आता मी..."

मैत्रेयीला त्याची कीव आली, आणि त्याने लवकर जावं असंही वाटलं. तिने रजिस्टर काउंटरवर ठेवलं, पेन ठेवलं आणि लॅपटॉपला चिकटवायची चिठ्ठी घ्यायला मागच्या फळीकडे वळली. पाठीमागे पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. सरसर, न अडखळता.

ती वळली तेव्हा इंद्रजीतच्या उजव्या हातात हेल्मेट आणि चाबी होती. आधीपासूनच होती.

"येतो ताई. बॅटरी आली की सांगा."

तो बाहेर गेला, मोटरसायकलवर बसला, क्लच दाबून गिअर टाकला आणि बसस्टँडच्या दिशेने निघून गेला. मोटरसायकलचा क्लच डाव्या हाताला असतो, हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत तो वळणापलीकडे दिसेनासा झाला होता.

रजिस्टरवर सही होती. डावीकडे झुकलेली, देखणी. सहीवरून उजवीकडे गेलेला निळा फराटा तळहाताच्या कडेएवढा रुंद होता आणि शाई अजून ओली होती.

ते पान तिने फाडलं नाही. मास्तर पुरावा मागतील तर दाखवायला असू दे, असं ती स्वतःला सांगते, पण घरी ती अजून काही बोललेली नाही. बॅटरी कालच आली. लॅपटॉप मागच्या फळीवर आहे. इंद्रजीतला फोन करून न्यायला बोलवायचं आहे, आणि सकाळपासून तिने तीनदा मोबाइल हातात घेऊन खाली ठेवला आहे.